प्रिंटर बंद, कस्टमर केअरवर गाणं चालू: फोन लावण्याआधी आणि लावल्यावर काय करायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी प्रिंटरच्या सर्व्हिसबद्दल बोललो. व्हिडिओत सगळं सांगता येत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे इथे सविस्तर लिहितोय. हे पान सेव्ह करून ठेवा. ज्या दिवशी प्रिंटर रुसेल त्या दिवशी डोकं चालत नाही, तेव्हा उपयोगी पडेल.

जून महिन्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, आणि आंबेनळीच्या रस्त्यावरच्या कापड्याहून एक ताई दुकानात आल्या. प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळलेला प्रिंटर त्यांनी एसटीतून मांडीवर घेऊन आणला होता. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, हा तुम्ही विकून टाका. मला नको आता."

ताई बचत गटाच्या मसाल्याची लेबलं घरीच छापतात. शिवाय वाडीतल्या मुलांचे दाखले, मार्कशीट स्कॅन करून देतात. घरातल्या घरात चार पैसे मिळतात. चार दिवसांपूर्वी प्रिंट आणि स्कॅन दोन्ही बंद पडलं. मुलीच्या डिप्लोमाच्या फॉर्मची तारीख जवळ आलेली. त्यांनी मोबाईलवर प्रिंटरचा कस्टमर केअर नंबर शोधला आणि सगळ्यात वर जो आला तो लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. तक्रार नोंदवायला फक्त १० रुपये भरा म्हणाला. त्याआधी एक ॲप टाकायला लावलं, ज्यातून त्याला ताईंच्या मोबाईलची स्क्रीन दिसत होती. थोड्या वेळात खात्यातून दोन वेळा मिळून ७,४०० रुपये गेले. प्रिंटर होता तसाच बंद.

मी विचारलं, "ताई, कधी झालं हे?"

"काल दुपारी. घरी अजून सांगितलं नाही."

प्रिंटर बाजूला ठेवला आणि आधी १९३० लावला. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा हा सरकारी हेल्पलाइन नंबर. मग त्यांच्या बँकेत फोन करून खातं आणि यूपीआय बंद करायला लावलं. तक्रार क्रमांक मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत. आदल्या दिवशी दुपारीच फोन केला असता तर पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त होती. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

त्यानंतर प्रिंटर बघितला. काचेवर कागद ठेवून कॉपीचं बटण दाबलं. स्वच्छ कॉपी आली. म्हणजे मशीन ठणठणीत! चौकशी केल्यावर कळलं की आठवड्यापूर्वी घरात नवीन इंटरनेट घेतलं, राउटर बदलला. प्रिंटर अजून जुन्या वायफायचं नाव शोधत बसला होता. नवीन वायफाय जोडायचं काम पाच मिनिटांचं.

पाच मिनिटांच्या कामाला ७,४०० रुपये. हा लेख त्यासाठी आहे.

सपोर्टवाले एकमेकांकडे बोट का दाखवतात?

आपल्याला वाटतं प्रिंटर म्हणजे एक वस्तू. खरं तर त्या चार वस्तू आहेत:

१. मशीन (मोटर, रोलर, स्कॅनरची काच आणि दिवा)
२. शाई आणि हेड
३. जोडणी (यूएसबी केबल किंवा वायफाय)
४. कॉम्प्युटर किंवा मोबाईल (ड्रायव्हर, विंडोज)

या चारांचे मालक वेगळे. प्रिंटर कंपनी म्हणते विंडोजचा प्रॉब्लेम आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो प्रिंटरचा आहे. इंटरनेटवाला म्हणतो नेट तर चालू आहे. तिघेही खोटं बोलत नसतात. प्रत्येक जण फक्त आपल्या भागापुरतं बघतो. मधल्या जागेची जबाबदारी कोणाचीच नाही, म्हणून ती आपल्यावर येते.

दुसरं कारण. फोनवर पहिला जो माणूस येतो तो मेकॅनिक नसतो. त्याच्यासमोर प्रश्नांची ठरलेली यादी असते. "स्विच बंद करून चालू करा, केबल काढून लावा." ती यादी संपल्याशिवाय तो तक्रार पुढे पाठवू शकत नाही. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. आपण ती यादी आधीच संपवून फोन केला तर वेळ वाचतो.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही बरं का. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो सारखा जॅम व्हायचा. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरमध्ये त्याने अशी सोय केली होती की कागद अडकला की लोकांच्या स्क्रीनवर निरोप यायचा. नव्यात तेच करायचं तर त्याचा प्रोग्राम हवा, आणि तो त्याला मिळाला नाही. त्या रागातून पुढे विचार वाढत गेला आणि १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. आज जगातले कितीतरी सर्व्हर ज्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामागे एक रुसलेला प्रिंटर आहे! आपल्याला क्रांती करायची नाही, लेबलं छापायची आहेत. पण मुद्दा तोच: मशीन आपलं असूनही आतलं आपल्याला काही कळत नाही, म्हणून आपण अडतो.

फोन लावण्याआधीच्या चार चाचण्या

क्रम बदलू नका. प्रत्येक चाचणी चारातला एक संशयित कमी करते.

चाचणी १: कॉपी. कॉम्प्युटर बंद. काचेवर कागद ठेवा आणि मशीनवरचंच कॉपी बटण दाबा. कॉपी नीट आली तर मशीन, शाई, हेड आणि स्कॅनर चारही चांगले आहेत. दोष जोडणीत किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. सर्व्हिस सेंटरला मशीन घेऊन जायचंच नाही. कॉपीच आली नाही तर कॉम्प्युटरशी झटापट करू नका, दोष मशीनकडे आहे.

चाचणी २: नोझल चेक. कॉपीत रेघा तुटत असतील किंवा एखादा रंग गायब असेल तर नोझल चेकचं पान काढा. तुटक दिसलं तर हेड क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा. मग मशीन रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी पुन्हा नोझल चेक घ्या.

इथे माझी चूक सांगतो. दुकानाच्या पहिल्या वर्षी मी एका दिवसात अकरा वेळा क्लीनिंग मारलं. क्लीनिंगमध्ये चांगली शाई हेडमधून ओढून आतल्या स्पंजवजा पॅडमध्ये टाकली जाते, हे मला माहीत नव्हतं. मशीन त्या वाया गेलेल्या शाईचा हिशोब ठेवतं. पॅड भरलं असं त्याला वाटलं की दिवे लुकलुकतात आणि मशीन काम थांबवतं. माझं थांबलं. कंपनीला सहा वेळा फोन केला, सहा वेळा सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली. शेवटी कळलं की पॅड हा झिजणारा भाग आहे, तो बदलायचा असतो. नव्या काही मॉडेलमध्ये त्याचा डबा आपल्याला घरीच बदलता येतो. पुढचा प्रिंटर घेताना दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारा.

चाचणी ३: केबल. वायफायने होत नसेल तर यूएसबी केबल थेट लावून एक प्रिंट द्या. केबलने झालं म्हणजे दोष वायफायचा. राउटर बदलला का? पासवर्ड बदलला का? आणखी एक गोष्ट, घरगुती प्रिंटर बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झचं वायफायच पकडतात. मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर प्रिंटरला ते नाव दिसणारच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा.

चाचणी ४: कॉम्प्युटर. प्रिंटरच्या यादीत एकाच नावाचे दोन-तीन प्रिंटर दिसतात का? केबल वेगळ्या पोर्टला लावली की विंडोज कधी कधी नवीन नोंद तयार करतं आणि आपण जुन्या नोंदीला प्रिंट देत बसतो. बरोबर नोंद निवडा. रांगेत अडकलेली कामं रद्द करा. तरी होत नसेल तर 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट करा.

प्रिंट होतं पण स्कॅन होत नाही, ही तक्रार तर रोजची. विंडोज बऱ्याचदा स्वतःहून फक्त प्रिंटपुरता ड्रायव्हर टाकतं. स्कॅनरचा ड्रायव्हर वेगळा असतो. कंपनीच्या वेबसाइटवरून आपल्या मॉडेलचं पूर्ण पॅकेज टाका. आणि वरच्या फीडरमधून स्कॅन करताना प्रत्येक पानावर उभी बारीक रेघ येत असेल तर स्कॅनर बिघडलेला नाही. मोठ्या काचेच्या बाजूला एक अरुंद काचेची पट्टी असते, तिच्यावर कण चिकटलाय. मऊ कापडाने पुसा. या एका रेघेसाठी लोक मशीन महाडला घेऊन जातात.

कधी कधी दोष आपला नसतोच. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये मोठी सुरक्षा चूक सापडली, 'प्रिंटनाइटमेअर' नावाने ती गाजली. ती बुजवायला मायक्रोसॉफ्टने अपडेट दिले. सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी दोन कॉम्प्युटरमध्ये शेअर केलेले प्रिंटर जोडलेच जाईनात. प्रिंटर तोच, केबल तीच, काल चालत होतं आणि आज नाही. म्हणून 'काल काय बदललं?' हा प्रश्न स्वतःला पहिला विचारा. अपडेट, राउटर, शाई, कागद, जागा. दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर इथेच मिळतं.

आपल्या भागातले खास आजार

आपल्याकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो. उघडं रिम चार दिवसांत वाकतं, मग दोन-तीन पानं एकदम ओढली जातात आणि जॅम होतो. कस्टमर केअरवाल्याच्या यादीत 'घाटातला पाऊस' नसतो! रिम झाकणाच्या डब्यात किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिकमध्ये ठेवा. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये घाला, रात्री काढून ठेवा.

लाईट जाते-येते. इंकजेट थोडी वीज घेतो, तो इन्व्हर्टरवर चालतो. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. आतला हीटर तापताना एकदम खूप वीज ओढतो.

आणि इंकजेट बंद करताना आधी मशीनचं बटण, मग बोर्डाचा स्विच. बटणाने बंद केलं की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. थेट बोर्डावरून बंद केलं तर हेड उघडं राहू शकतं आणि शाई सुकते.

आता फोन लावा, पण तयारीने

नंबर कुठून घ्यायचा? प्रिंटरच्या खोक्यावर, वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून. सर्चमध्ये वर दिसतो तो नंबर नाही. तिथे जाहिरात कोणीही देऊ शकतं. स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगून कोणी पैसे भरायला किंवा बँकेचं ॲप उघडायला सांगितलं, तर लगेच फोन ठेवा.

फोनआधी एका कागदावर हे लिहा:

• मॉडेल आणि सिरीयल नंबर (मशीनच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर)
• खरेदीची तारीख, बिलाचा फोटो
• कोणते दिवे लुकलुकतात किंवा स्क्रीनवर काय लिहून येतं, त्याचा फोटो किंवा छोटा व्हिडिओ
• चारही चाचण्यांचा निकाल

आणि पहिलं वाक्य असं बोला: "कॉपी होते, यूएसबीने प्रिंट होते, वायफायने होत नाही. रीस्टार्ट करून झालंय." बघा फरक. "प्रिंटर चालत नाही हो" असं म्हटलं की समोरचा यादीच्या पहिल्या ओळीपासून सुरू करतो.

बोलणं संपण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. तक्रार क्रमांक काय? माणूस घरी येणार की मशीन घेऊन जायचं? आपला पिन कोड घरपोच सेवेत येतो का? तपासणीचे पैसे किती, आणि दुरुस्ती केली नाही तरी ते द्यावे लागतील का? पोलादपूरहून पनवेल म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. नुसतं 'सेंटरला घेऊन या' ऐकून निघू नका.

फोन झाला की तेच सगळं कंपनीला ईमेलवर लिहून पाठवा. तोंडी बोललेलं पुढच्या वेळी कोणालाच आठवत नाही. माझे सहा फोन वाया गेले ते यामुळेच. माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं.

वॉरंटी कार्ड नीट वाचा. टाकीवाल्या काही मॉडेलवर वॉरंटी वर्षांबरोबर पानांवरही मोजतात, जे आधी संपेल ते. घरगुती मॉडेल दुकानात लावलं तर पानं वर्षाआधीच संपतात.

तरीही दाद मिळाली नाही तर

पहिली पायरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात. त्यांचा शब्द कंपनीवर बंधनकारक नसतो, पण अडकलेली फाईल बऱ्याचदा हलते.

दुसरी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. आपल्या रायगडचा अलिबागला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात आपल्या फायद्याच्या गोष्टी आहेत. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ऑनलाइनही करता येते, ई-जागृती पोर्टलवर.

"पण मी तर धंद्यासाठी वापरतो, मी ग्राहक कसा?" हा प्रश्न हमखास येतो. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसत नाही, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी, म्हणजे स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू बसते. घरी लेबलं छापणाऱ्या ताई, एकट्याने झेरॉक्सचं दुकान चालवणारा मुलगा, यांना हा आधार आहे. बिल मात्र हवं. 'बिल नको, शंभर कमी करा' म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

धंद्याचा हिशोब

शेवटी बीबीएचं थोडं ज्ञान वापरू. उदाहरण घ्या. समजा तुमच्याकडे दिवसाला ८० प्रिंट ५ रुपयांनी आणि १० स्कॅन २० रुपयांनी होतात. म्हणजे ६०० रुपयांचं काम. प्रिंटर आठ दिवस बंद राहिला तर ४,८०० रुपयांचं काम गेलं. त्यात दोनदा महाड-पोलादपूर फेरी, फोनवर गेलेला वेळ आणि परत गेलेलं गिऱ्हाईक धरलेलंच नाही. दुरुस्तीचं बिल १,२०० असलं तरी खरा खर्च ६,०००.

त्यामुळे माझे तीन नियम:

एक, दुरुस्तीचा अंदाज नव्या मशीनच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर दुरुस्ती करू नका.

दोन, धंदा असेल तर दुसरी सोय हवीच. रंगीत कामाला एक इंकजेट आणि काळ्या-पांढऱ्याला एक साधा, जुना चालेल, लेझर. लेझरची पावडर सुकत नाही, महिनाभर बंद ठेवला तरी चालतो. स्कॅनर अडला तर मोबाईलवर गुगल ड्राइव्हमधला स्कॅन वापरा. फॉर्मपुरतं काम भागतं.

तीन, मशीन जमिनीवर ठेवू नका. २०२१ च्या जुलैमध्ये महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं तेव्हा खालची मशीनं गेली. त्याच पावसात आंबेनळी घाट दरडींमुळे बंद पडला. अशा वेळी जगातलं सगळ्यात चांगलं कस्टमर केअर असलं तरी माणूस पोचणार कसा? आपली सोय आपल्याजवळच हवी.

त्या ताईंचं काय झालं? प्रिंटर विकला नाही. मुलीचा फॉर्म त्याच दिवशी माझ्या दुकानातून भरला, स्कॅनिंगचे पैसे घेतले नाहीत. घरी सांगायला त्या घाबरत होत्या. मी म्हटलं, "ताई, चोरी तुमच्याकडे झालीये, तुम्ही केलेली नाही. सांगून टाका." दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिस्टरांचा फोन आला, वायफाय परत कसं जोडायचं ते विचारायला. आता त्यांच्या प्रिंटरच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: खोक्यावरचा खरा कस्टमर केअर नंबर, १९३०, १९१५ आणि खाली मोठ्या अक्षरात 'आधी कॉपी मारून बघा'.

तुम्हीही आज एवढंच करा. चिठ्ठी लिहा, चिकटवा, बिलाचा फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

पुढच्या व्हिडिओत बघूया, प्रिंटचा दर ठरवताना शाई, कागद आणि मशीनची झीज कशी धरायची. तोपर्यंत काळजी घ्या, धंदा वाढवा. भेटूया!